गाण्याला मत देण्यापूर्वी

चार माणसे एकत्र बसून गाणी ऐकू लागली की 'यातले उजवे कोणते?' हा प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही. आपल्या वस्त्यांतून जयंतीच्या रात्री रंगणारे कव्वालीचे सामने ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. पहाटेपर्यंत सतरंजीवर बसलेला श्रोता दोन्ही बाजूंना मोकळ्या मनाने दाद देई आणि घरी परतताना मात्र कोणाचा जवाब सरस ठरला यावर हिरिरीने वाद घाली. गाणे कानावर पडणे आणि गाणे तोलणे या दोन क्रिया माणसाच्या ठायी फार काळ वेगळ्या राहू शकत नाहीत.

हीच प्रवृत्ती आज ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांतील तरुण रसिकांत एका वेगळ्या रूपाने दिसते. 'इंडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताचे चाहते गाण्यांच्या जोड्या लावतात, एकमेकांची मते मागवतात, ती मोजतात आणि क्रम ठरवतात. ज्या गाण्यांचा सारा भार व्हायोलिनवर आहे, अशा गाण्यांची तुलना हा तर त्यांच्या विशेष आवडीचा विषय आहे. या दूरदेशीच्या छंदाविषयी एका निवासी शाळेच्या स्मरणिकेत लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, आपल्या मुलामुलींच्या हाती आज जो मोबाईल आहे, त्यातून ही गाणी त्यांच्यापर्यंतही पोहोचली आहेत. आणि गाणे सुरू करण्याआधी ते किती लाख लोकांनी ऐकले, हा आकडा मुलांच्या डोळ्यांसमोर येतो. आधी आकडा आणि मागून कान, असा हा क्रम आहे. तो उलटा व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे मत प्रारंभीच सांगून टाकतो. गाण्यांची तुलना करणे आणि त्यांना मते देणे यात गैर काहीच नाही. उलट ते एक उत्तम शिक्षण होऊ शकते. परंतु ते मत स्वतःच्या कानाने बनलेले असावे आणि त्यामागे कारण असावे. या दोन गोष्टी नसतील, तर जी उरते ती केवळ मोजदाद. तिच्यापासून कोणी काही शिकत नाही.

प्रथम 'इंडी' म्हणजे काय, ते पाहू. इंग्रजीतील 'स्वतंत्र' या अर्थाच्या शब्दाचे हे लघुरूप आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आधाराविना, स्वतःच्या पैशाने किंवा लहान कंपनीच्या साहाय्याने काढलेले संगीत, असा त्याचा मूळ अर्थ. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली आणि मोठ्या कंपनीशिवायही गाणे लोकांपर्यंत नेता येते, हे दाखवून दिले. १९८० च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये अशा स्वतंत्र संगीताच्या खपाची निराळी यादीही प्रसिद्ध होऊ लागली. पुढे या शब्दाचा अर्थ सैल झाला आणि आज तो व्यवहारापेक्षा एका शैलीचे नाव म्हणूनच अधिक वापरला जातो. तरीही त्याच्या मुळाशी जी वृत्ती आहे ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बाजार काय मागतो हे न विचारता आपल्याला जे गायचे आहे ते गावे, ही ती वृत्ती.

या संगीतात गिटार, बेस आणि ड्रम ही नेहमीची वाद्ये. त्यांत व्हायोलिन आले की श्रोत्याचा कान टवकारतो. आणि इथेच तुलनेचा खरा प्रश्न उभा राहतो. व्हायोलिन त्या गाण्याचा कणा आहे की केवळ अलंकार? व्हायोलिन काढून घेतले तर गाणे उभे राहील की कोसळेल? व्हायोलिनप्रधान इंडी गाण्यांची तुलना करताना हाच निकष सर्वांत उपयोगी पडतो, असे आम्हांस वाटते. चार-पाच उदाहरणे घेऊन तो लावून पाहू.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९९२ साली 'डर्टी थ्री' हा तिघांचा बँड स्थापन झाला. वॉरन एलिस व्हायोलिन वाजवतो, मिक टर्नर गिटार आणि जिम व्हाइट ड्रम. गाणारा कोणीच नाही. गिटारसाठी असलेला पिकअप रबरबँडने व्हायोलिनला बांधून एलिसने त्या वाद्याचा आवाज मोठा आणि खरखरीत केला, असे सांगितले जाते. त्यांचा 'ओशन साँग्ज' हा १९९८ चा संग्रह ऐकताना व्हायोलिन गायकाची जागा घेते. ते कण्हते, ओरडते, मधूनच गप्प होते. इथे व्हायोलिन काढून घ्यावे, तर गाणे म्हणून काही शिल्लकच राहत नाही.

अमेरिकेतील अँड्र्यू बर्ड याची रीत निराळी. तो एकटा मंचावर उभा राहतो. व्हायोलिनचा एक लहानसा तुकडा वाजवून तो यंत्रात साठवतो. पायाखालच्या कळीने तो तुकडा पुनःपुन्हा वाजू लागतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि मग स्वतःचे गाणे व शीळ. कधी तो गज चालवतो, तर कधी गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतो. २००५ सालच्या त्याच्या 'फेक पॅलिन्ड्रोम्स' या गाण्यात व्हायोलिनची एक धावती ओळ आरंभीच गाण्याला पुढे रेटते. इथे व्हायोलिन हे इंजिन आहे.

कॅनडातील मॉन्ट्रियलचा 'आर्केड फायर' हा बँड २००४ सालच्या 'फ्युनरल' या संग्रहाने प्रकाशात आला. त्यात सारा न्यूफेल्ड आणि ओवेन पॅलेट यांची व्हायोलिने आहेत. परंतु ती स्वतंत्रपणे पुढे येण्यापेक्षा सामूहिक गायनात, पियानोत आणि ड्रमच्या ठेक्यात मिसळून जातात. जमावातील एखाद्या चढ्या आवाजासारखी ती आहेत. वेगळी ओळखू येतात, पण जमावाला सोडून जात नाहीत. हाच ओवेन पॅलेट २००९ पर्यंत 'फायनल फँटसी' या नावाने एकट्याने गात असे, तेव्हा मात्र व्हायोलिन आणि कंठ यांतच सारा खेळ असे.

शेवटचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत अडचणीचे. ब्रिटनच्या 'द व्हर्व' या बँडचे १९९७ सालचे 'बिटर स्वीट सिंफनी' हे गाणे. तो बँड तेव्हा एका मोठ्या कंपनीच्या छत्राखाली होता. तरी चाहते त्याची गणना इंडीतच करतात. या गाण्याची ओळख म्हणजे त्यातील व्हायोलिनांची फिरून फिरून येणारी ओळ. ती मुळात १९६० च्या दशकातील एका वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणातून घेतलेली. 'रोलिंग स्टोन्स'च्या 'द लास्ट टाइम' या गाण्याचे ते वाद्यवृंदी रूप होते आणि त्यातील तारवाद्यांची मांडणी डेव्हिड व्हिटेकर यांनी केली होती. या उसनवारीवरून वाद झाला. गाण्याचे लेखनश्रेय आणि त्याचे उत्पन्न 'रोलिंग स्टोन्स'च्या मिक जॅगर व कीथ रिचर्ड्स यांच्याकडे गेले. गायक रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट यास ते हक्क परत मिळाल्याची वार्ता २०१९ साली, म्हणजे बावीस वर्षांनी आली. ज्याने ती व्हायोलिनांची ओळ प्रत्यक्ष बांधली, त्या व्हिटेकर यांचे नाव मात्र या साऱ्या वादात श्रेयनामावलीबाहेरच राहिले. या गाण्याला मत देणारा नेमके कोणाला मत देतो, हा प्रश्न प्रत्येक रसिकाने एकदा स्वतःला विचारण्यासारखा आहे. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट संगीतातही घडते, आणि ती ऐकणाऱ्याला ठाऊक असली पाहिजे.

पाच उदाहरणांत व्हायोलिनच्या पाच भूमिका झाल्या. आता यांत क्रम लावा म्हटले तर कसा लावावा? मत घेऊन, असे सहज उत्तर येईल. म्हणून गाण्यांच्या मतदानाचा थोडा इतिहास पाहणे उचित होईल.

ब्रिटनच्या बीबीसी रेडिओ वनवर जॉन पील नावाचे एक विख्यात निवेदक होते. अपरिचित बँडना श्रोत्यांपुढे आणणे हेच त्यांनी जीवितकार्य मानले होते. १९७६ साली त्यांनी 'फेस्टिव्ह फिफ्टी' नावाची प्रथा सुरू केली. श्रोत्यांनी आपल्या आवडीची तीन गाणी लिहून पाठवायची आणि त्यांतून पन्नास गाण्यांचा क्रम वर्षाअखेरीस प्रसारित व्हायचा. आरंभी कोणत्याही काळातील गाणे चालत असे. परिणाम असा झाला की वर्षानुवर्षे तीच ती गाणी वर येऊ लागली. तेव्हा ही निवड त्या त्या वर्षाच्या गाण्यांपुरती मर्यादित करावी लागली. एवढे करूनही, आपण वर्षभर जगभरचे इतके विविध संगीत ऐकवतो आणि श्रोते मात्र गिटार घेतलेल्या गोऱ्या तरुणांनाच मते देतात, अशी खंत पील यांना वाटत राहिली.

ऑस्ट्रेलियातील 'ट्रिपल जे' या नभोवाणी केंद्राच्या 'हॉटेस्ट हंड्रेड' या मतदानाचीही हीच कथा. १९८९ साली ते सुरू झाले. १९८९ आणि १९९० या दोन्ही वर्षी 'जॉय डिव्हिजन' या बँडचे एकच गाणे पहिले आले. अखेर १९९३ पासून तेथेही केवळ त्या वर्षीच्या गाण्यांस मत देण्याचा नियम झाला. पुढे मतांची संख्या लाखांत गेली आणि नवेच संकट आले. २०१५ च्या जानेवारीत होणाऱ्या मोजणीसाठी, त्या केंद्राने कधी वाजवलेही नव्हते असे टेलर स्विफ्ट हिचे गाणे निवडून आणण्याची मोहीम काही लोकांनी उघडली. एका खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपनीनेही तीत उडी घेतली. शेवटी ते गाणे मोजणीतून वगळण्यात आले. त्या गायिकेचा यात काही दोष नव्हता. मत देणाऱ्यांपैकी पुष्कळांना गाण्यापेक्षा गंमत महत्त्वाची वाटली, एवढाच त्याचा अर्थ.

सवय आणि मोहीम हे मतदानाचे दोन रोग झाले. तिसरा रोग अधिक सूक्ष्म आहे आणि तोच आम्हांस सर्वांत चिंतेचा वाटतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तीन संशोधकांनी २००६ साली एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. अपरिचित बँडची ४८ गाणी त्यांनी १४,३४१ श्रोत्यांपुढे ठेवली. काही श्रोत्यांना केवळ गाण्यांची व बँडची नावे दिसत होती. इतरांना मात्र आधीच्या किती जणांनी ते गाणे उतरवून घेतले, हा आकडाही दिसत होता. आकडा पाहणाऱ्यांचे पुन्हा आठ स्वतंत्र गट केलेले होते आणि प्रत्येक गटाचा हिशेब शून्यापासून सुरू झाला होता.

निष्पन्न काय झाले? आकडा दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली आणखी मागे पडली. याहून विलक्षण गोष्ट अशी की, आठ गटांत लोकप्रिय ठरलेली गाणी एकसारखी नव्हती. आकडा न पाहता ऐकणाऱ्यांमध्ये जे गाणे सव्विसावे ठरले, ते एका गटात पहिले आले आणि दुसऱ्या गटात चाळिसावे गेले. गाणे तेच, श्रोतेही सारख्याच वयाचे आणि आवडीचे. आरंभी कोणी कशावर बोट ठेवले, एवढ्यावर त्याचे भाग्य ठरले. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी सामान्य गाणी सहसा शिखरावर आली नाहीत, हे खरे. परंतु या दोहोंच्या मध्ये असलेल्या बहुसंख्य गाण्यांचे काहीही होऊ शकत होते. 'एवढ्या लोकांना आवडले म्हणजे चांगलेच असणार' असे आपण म्हणतो, तेव्हा ते लोकही आधीच्या लोकांकडे पाहूनच तसे म्हणत होते, ही शक्यता आपण विसरतो.

मोजणीची चौथी अडचण गणिताची आहे आणि तिला कोणाचा दोष कारण नाही. कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने ती १७८५ सालीच दाखवून दिली. समजा, तीन श्रोते आहेत आणि 'डर्टी थ्री', 'बर्ड' व 'आर्केड फायर' अशी तिघांची गाणी आहेत. पहिल्याची पसंती याच क्रमाने. दुसऱ्याला बर्ड सर्वांत प्रिय, नंतर आर्केड फायर आणि शेवटी डर्टी थ्री. तिसऱ्याला प्रथम आर्केड फायर, मग डर्टी थ्री आणि शेवटी बर्ड. आता दोन-दोन गाण्यांची जोडी लावा. डर्टी थ्री बर्डला दोन विरुद्ध एक मतांनी हरवतो. बर्ड आर्केड फायरला तसाच हरवतो. मग डर्टी थ्रीने आर्केड फायरला सहज हरवावयास हवे. प्रत्यक्षात मात्र आर्केड फायरच डर्टी थ्रीला दोन विरुद्ध एकने हरवतो! कोणालाही अजिंक्य म्हणता येत नाही. बाद फेरीच्या पद्धतीने स्पर्धा घेतली, तर पहिली जोडी कोणती लावायची यावरच विजेता ठरेल. तिन्ही श्रोते प्रामाणिक, मोजणी अचूक, आणि तरीही निकाल जोडी लावणाऱ्याच्या हाती!

हे सारे वाचून कोणी म्हणेल की, मग सामान्य श्रोत्यांची मते घेऊच नयेत, जाणकारांनाच निर्णय करू द्यावा. कॅनडात २००६ साली सुरू झालेला 'पोलारिस' पुरस्कार याच विचाराचा आहे. खप आणि प्रकार न पाहता परीक्षकांनी केवळ कलागुणांवर वर्षातील उत्तम संग्रह निवडावा, हा त्याचा नियम. पहिल्याच वर्षी तो ओवेन पॅलेटच्या व्हायोलिनप्रधान संग्रहास मिळाला. नुसत्या खपाच्या स्पर्धेत असा संग्रह वर येणे अवघड होते. २०११ साली अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारांत आर्केड फायरच्या 'द सबर्ब्स'ला वर्षाचा सर्वोत्तम संग्रह म्हणून गौरवले गेले. लेडी गागा, एमिनेम, केटी पेरी यांच्यासारखी घरोघरी पोहोचलेली नावे त्या स्पर्धेत होती. निकाल ऐकून 'हे कोण?' असा प्रश्न असंख्य लोकांनी विचारला. तेव्हा जाणकारांच्या निवडीचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. अल्पसंख्य अभिरुचीला ती आश्रय देते.

परंतु निवाड्याचे काम कायमचे जाणकारांवर सोपवणे आम्हांस मान्य होण्यासारखे नाही. काय सुंदर आणि काय ग्राम्य, कोणाचे गाणे शास्त्रशुद्ध आणि कोणाचे गाणे गोंगाट, हे ठरवण्याचा अधिकार मूठभरांच्या हाती राहिला म्हणजे काय होते, याचा अनुभव आपल्या समाजाला पुस्तकातून घ्यावा लागलेला नाही. ज्याला कान आहे त्याला मत असण्याचा अधिकार आहे. प्रश्न एवढाच की, त्या अधिकाराचा उपयोग कसा करावा.

येथे राज्यकारभारातील मत आणि गाण्याचे मत यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. प्रत्येक व्यक्तीला एक मत आणि प्रत्येक मताचे मूल्य समान, हे तत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात अधोरेखित केले. त्या मताला कारण द्यावे लागत नाही आणि ते गुप्त राहते. कारण दुर्बलाचे संरक्षण त्या गुप्ततेत आहे. गाण्याच्या मताला अशा संरक्षणाची आवश्यकता नाही. तिथे हरणाऱ्याचे काही हिरावले जात नाही. आपले आवडते गाणे शेवटचे आले, तरी दुसऱ्या दिवशी ते तितक्याच आनंदाने ऐकता येते. म्हणूनच इथे कारण उघडपणे मांडण्याचा सराव निर्भयपणे करता येतो. 'मला डर्टी थ्री अधिक भावतो, कारण त्यातले व्हायोलिन शब्दांवाचून बोलते' असे जो म्हणतो, त्याने एका वाक्यात स्वतःला आणि इतरांना काहीतरी दिले. 'मला आवडते म्हणून आवडते' असे म्हणणाऱ्याचा आनंद खोटा नव्हे. परंतु तो त्याच्यापाशीच राहतो, दुसऱ्याच्या कानाला त्याचा लाभ होत नाही. आणि 'सर्वांना आवडते म्हणून मलाही' असे म्हणणाऱ्याने तर आपला आनंदही दुसऱ्याकडून उसना आणला.

वसतिगृहात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत या गोष्टीचे मोल विशेष आहे. दोनशे मुलांच्या खोल्यांतून एकच गाणे वाजत असते. ज्याला ते आवडत नाही तो मूल गप्प बसतो, कारण वेगळे पडण्याची भीती त्या वयात मोठी असते. आज गाण्याच्या बाबतीत गप्प बसलेला मुलगा, आज आपल्या आवडीची थट्टा होईल म्हणून कानातले यंत्र लपवणारी मुलगी, उद्या नोकरीच्या ठिकाणी किंवा ग्रामसभेत उभी राहून आपले निराळे मत कसे मांडेल? लहान गोष्टीत निराळे मत नम्रपणे सांगण्याची आणि दुसऱ्याचे निराळे मत शांतपणे ऐकून घेण्याची सवय झाली, तर मोठ्या गोष्टीत ती कामी येते. गाण्याची तुलना ही त्या सवयीची सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत आनंददायक तालीम आहे, असे आम्ही मानतो.

व्हायोलिन हे उदाहरण आम्ही आणखी एका हेतूने निवडले आहे. हे वाद्य परक्यांचे, श्रीमंतांचे, आपल्यासाठी नव्हे, असा समज अद्याप पुष्कळ घरांत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांतून सामान्य घरांतील मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्याच मुलांनी पुढे मुंबईच्या चित्रपट संगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. प्रभाकर जोग यांच्या बोटांखाली व्हायोलिन मराठी भावगीते गाऊ लागले आणि 'गाणारे व्हायोलिन' हे शब्द घरोघरी पोहोचले. पंडित व्ही. जी. जोग आणि पंडित डी. के. दातार यांनी रागसंगीतात त्याला मानाचे स्थान मिळवून दिले. आणि ज्यांच्या जीवनात विश्रांतीचा क्षण दुर्मिळ होता, त्या बाबासाहेबांनीही उत्तर आयुष्यात व्हायोलिन शिकण्यासाठी वेळ काढला होता. वाद्याला जात नसते. ते ज्याच्या खांद्यावर विसावते त्याचे होते.

या संदर्भात जपानचे शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांचे कार्य आपल्या शिक्षकांनी अवश्य समजून घ्यावे. प्रत्येक मूल आपली मातृभाषा अडचणीविना बोलू लागते, कारण ती त्याच्या कानावर सतत पडते. मग संगीत तसेच का शिकवू नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता. आधी ऐकणे, मग वाजवणे आणि नंतर लिपी वाचणे, हा क्रम त्यांनी रूढ केला. गुण जन्मासोबत येत नाही, तो संगोपनाने घडतो, ही त्यांची श्रद्धा होती. वर उल्लेखिलेला अँड्र्यू बर्ड हा वयाच्या चौथ्या वर्षापासून याच पद्धतीने शिकला. आज तो जे कानाने रचतो, त्याचे मूळ त्या बालपणीच्या ऐकण्यात आहे. जन्माने गुण ठरतो हे ज्यांनी कधी मान्य केले नाही, त्या आपल्या समाजाला सुझुकींचा विचार परका वाटू नये.

तेव्हा माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे आम्ही एक लहानशी सूचना ठेवतो. आपल्या शाळेत महिन्यातून एका सायंकाळी 'ऐकण्याची बैठक' भरवावी. तीत दोनच गाणी ऐकवावीत आणि दोहोंत एक समान धागा असावा. एकदा तो व्हायोलिन असेल, पुढच्या वेळी ढोलकी, त्यानंतर संबळ किंवा बासरी. एकदा डर्टी थ्रीच्या शेजारी प्रभाकर जोग ठेवावेत; एकदा शाहिराचा पोवाडा आणि आजच्या तरुणाचे रॅप समोरासमोर आणावे. गायकाचे नाव, गाण्याचा खप, पाहणाऱ्यांची संख्या यांपैकी काहीही आधी सांगू नये. प्रत्येक गाणे दोनदा वाजवावे. कारण पहिल्या वेळी मन ऐकते आणि दुसऱ्या वेळी कान ऐकतो.

त्यानंतर प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर आपले मत आणि त्याखाली एका वाक्यात कारण लिहावे. कोणी कोणाच्या चिठ्ठीत डोकावू नये. मोजणी झाल्यावर, ज्या गाण्याला कमी मते मिळाली त्याच्या बाजूची कारणे आधी वाचून दाखवावीत आणि बहुमताची नंतर. ती ऐकून कोणाला मत बदलावेसे वाटले तर त्याने मोकळेपणाने हात वर करावा. तो त्याचा पराभव समजला जाऊ नये. शेवटी गायक-वादकांची नावे आणि त्या गाण्यामागे ज्यांचे श्रम आहेत त्या सर्वांची माहिती द्यावी, म्हणजे व्हिटेकर यांच्यासारखी माणसे निदान आपल्या मुलांच्या स्मरणातून तरी निसटणार नाहीत.

या उपक्रमाला मोठा खर्च नाही. एक चांगला ध्वनिक्षेपक, कागदाचे तुकडे आणि शांत बसण्याची तयारी एवढ्यावर तो चालेल. माजी विद्यार्थ्यांपैकी जे पुण्या-मुंबईत किंवा परदेशी स्थिरावले आहेत, त्यांनी तिकडे आपण ऐकलेले एखादे उत्तम गाणे आणि ते का आवडले याचे दोन ओळींचे टिपण शाळेकडे पाठवावे. ज्यांना शक्य असेल त्यांनी एखादे जुने, वापरात नसलेले व्हायोलिन शाळेला द्यावे. ते वाजवणारे बोट कोणत्या खोलीत झोपले आहे, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

पालकांना एकच विनंती. आपला मुलगा किंवा मुलगी एखादे अनोळखी, परक्या भाषेतील गाणे ऐकताना दिसली, तर 'हे काय लावले आहेस?' असे विचारण्याऐवजी 'यात तुला काय आवडले?' असे विचारून पाहावे. मूल थोडे थांबेल, विचार करील आणि मग बोलेल. ते उत्तर कच्चे असेल, अडखळत आलेले असेल. पण ते त्याचे स्वतःचे असेल. त्या उत्तराला लागणारा वेळ आपण सर्वांनी त्याला द्यावा.